लानचे अहो

आमच्या जिन्यातला दिवा गेला की वॉचमन शिडी शोधत बसायचा नाही. तो सरळ पहिल्या मजल्यावर जाऊन लानच्या दाराची बेल वाजवायचा. लान बाहेर यायची, चपला काढायची, टाचा उचलायची, बल्ब बदलायची आणि हात झटकून आत जायची. मी वरच्या मजल्यावरून कठड्याला टेकून बघत असे आणि दर वेळी मनातल्या मनात चीन देशाची माफी मागत असे.

कारण चिनी बाई म्हणजे शोकेसमधल्या बाहुलीएवढी, अशी माझी ठाम समजूत होती. तोवर मी आयुष्यात एकही चिनी बाई जवळून पाहिलेली नव्हती. पण ज्यातलं काही कळत नाही त्यात ठाम असणं हाच माझा तेव्हाचा मुख्य धंदा होता. साठी ओलांडलेली, नातवंडं झालेली बाई जरा नरम पडेल असं लोकांना वाटतं. मी पडले नव्हते.

पहिल्या दिवशी ती वर आली, दारात वाकून उभी राहिली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, “लान.”

मला ऐकू आलं, “ल्हान.” आमच्या देवरुखकडे लहानला ल्हानच म्हणतात. मी मान वर करकरून तिच्याकडे पाहिलं आणि सुनेला म्हटलं, “ही ल्हान? मग मोठी केवढी असेल गं?”

सून ओशाळली. लान हसली. काही कळलेलं नसताना हसणारी माणसं मला आवडत नाहीत, पण ही आवडली. पुढे कळलं की ती चीनच्या उत्तरेकडच्या शानडोंग प्रांतातली, आणि तिथली माणसं अशीच ताडमाड असतात. नाव मात्र मी बदललं नाही. मी तिला ल्हानीच म्हणत राहिले. तिने मला नाव दिलं ‘नायनाय’. तिच्या भाषेत आजीला तसं म्हणतात. पहिले काही दिवस ती खालून “नायनाय!” अशी हाक मारायची आणि मी वरून ओरडायचे, “काय नाय? काय हवंय तरी काय?”

आम्ही कुठल्या भाषेत बोलायचो, हे विचारू नका. ती इथे बहरीनच्या सीफ भागात टाइल्स आयात करणाऱ्या एका ऑफिसात हिशेब बघायची. तिथल्या मालवणी स्टोअरकीपरकडून हिंदी-मराठीची भेळ आणि ड्रायव्हरांकडून थोडी अरबी तिने उचलली होती. इंग्रजी दोघींचीही बेताची. अरबीतला ‘मफी’ हा शब्द मात्र तिला फार आवडला होता. मफी म्हणजे नाही, उरलं नाही, संपलं. “नायनाय, मीठ मफी.” “पाणी मफी.” नवरा घरी नसला की, “केविन मफी.” माझी नात ही भाषा ऐकून म्हणायची, “आजी, तुम्ही दोघी काय बोलता? नोबडी कॅन अंडरस्टँड!” तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तेव्हा तिने बोलूच नये.

लानच्या सवयींनी मला सुखावलं, हे कबूल केलं पाहिजे. भर जुलैत, आमच्या अदलिया भागातल्या कॅफेंबाहेरची मांजरं गाड्यांखालून हलायला तयार नसत, तेव्हाही ही बाई थर्मासातून वाफाळतं पाणी प्यायची. बर्फाचं पाणी पाहिलं की नाक मुरडायची. दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, “नायनाय, जेवलात?” सकाळी, दुपारी, कधीही. नाही म्हटलं तर ती काही करायची नाही, हो म्हटलं तरी काही करायची नाही. नुसतं विचारायची. माझी आई असंच विचारायची. घरातल्या कुणी मला तो प्रश्न विचारून बरीच वर्षं झाली होती.

केविन तिचा नवरा. अमेरिकेतल्या ओहायोचा. जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर. जहाजांच्या रिकाम्या टाक्यांमध्ये उतरून पत्रे तपासणं हे त्याचं काम. उंचीने बायकोच्या कानापर्यंत, अंगभर तांबूस ठिपके, आणि तोंडात सदैव थँक्यू. चहा दिला थँक्यू, कप उचलला थँक्यू. गणपतीत मी मोदक वाढत होते, तर दर मोदकाला एक.

“सारखं थँक्यू,” लान एकदा वैतागून म्हणाली. “मी काय दुकानदार? मी बायको.”

“आमच्यात नवरा थँक्यू म्हणाला असता, तर आम्ही ताप बघितला असता,” मी म्हटलं. तिला ते एवढं पटलं की तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. गुडघा दोन दिवस दुखत होता.

दोघांनी अमेरिकेला जायचं ठरवलं, ते केविनच्या आईमुळे. तिला फुप्फुसांचा आजार होता. नाकाला नळी लावलेली, एकटीच राहायची. केविनचं कंत्राटही संपत आलं होतं. म्हणून बायकोच्या व्हिसासाठी त्याने अर्ज केला आणि लग्न खरं असल्याचे पुरावे गोळा करणं सुरू झालं. एकत्र फोटो हवेत. आता यांचे लग्नातले फोटो काढून बघतो, तर प्रत्येकात मध्ये एक काकू, एक मावशी, नाहीतर माशाचं ताट. गळ्यात हात घालून उभं राहणं लानला जमेना. “लोक बघतात,” म्हणायची. मग मी फोटोग्राफर झाले. गॅलरीत त्यांना उभं करून ओरडायचे, “जवळ! अजून जवळ! अगं नवरा आहे तो, विजेचा खांब नाही!” ती हसली आणि तेवढ्यात मी बटण दाबलं. त्यांचा सगळ्यात चांगला फोटो तोच. त्या संध्याकाळी मी आमच्या लग्नाचा फोटो काढून पाहिला. आमचे हे एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मधून गाडी जाईल. त्या फोटोवर आम्हाला जगातल्या कुठल्याही देशाने व्हिसा दिला नसता.

आमचे हे जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. गॅलरीत त्यांची आरामखुर्ची अजून होती. एका दुपारी आम्ही दोघी तिथे खाली बसून मटार सोलत होतो, तेव्हा लानने खुर्चीकडे हनुवटी करून विचारलं, “नायनाय, मिस्टरांचं नाव काय?”

मी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

“वाचता नाही येत. बोला.”

“आम्ही नवऱ्याचं नाव घेत नाही. आयुष्य कमी होतं त्याचं.”

आणि मग, श्रोता मिळाल्याच्या आनंदात, मी तिला माझी आवडती गोष्ट सांगितली. लग्नानंतर मी पहिल्यांदा बहरीनला आले तेव्हाची. कल्पना करा: केसांना चपचपीत तेल, हातात फणसपोळ्यांची पिशवी, आणि आपण म्हणजे घरंदाजपणाची शेवटची खूण असल्याचा चेहरा. विमानतळाच्या काउंटरवरच्या साहेबाने विचारलं, नवऱ्याचं नाव? मी गप्प. पुन्हा विचारलं. मी पदर डोक्यावर घेतला. तिसऱ्यांदा विचारल्यावर कागदावरच्या नावावर बोट ठेवलं आणि खाली बघत उभी राहिले. मागे रांग अडली. शेवटी शेजारच्या खिडकीवरच्या एका केरळी माणसाने त्याला माझी अडचण समजावली. साहेब एवढा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शिक्का मारून म्हणाला, “यल्ला, यल्ला!” म्हणजे चला, पुढे व्हा. मला वाटलं, आशीर्वाद देतोय. मी त्याला वाकून नमस्कार केला.

लानला गोष्ट फार आवडली. बोट ठेवायची नक्कल तिने दोनदा माझ्याकडून करवून घेतली. मग विचारलं, “कधीच नाही घेतलं? आख्खं आयुष्य?”

“उखाण्यात घ्यायचे. उखाण्यात चालतं. एरवी एकदाच घेतलं. हॉस्पिटलच्या काउंटरवर. पेशंटचं नाव विचारलं, मुलगा खाली गाडी लावत होता, दुसरं कुणी नव्हतं. घेतलं. त्याच दिवशी गेले.”

मी हे सरळ सांगितलं, भाजीत मीठ किती घालतात ते सांगावं तसं. पण लानचा मटार सोलणारा हात थांबला.

“केविन टाकीत उतरतो,” ती म्हणाली. “रोज.”

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की वेडाबाई, त्यांचं हृदय अगोदरच थकलेलं होतं, नावाचा काय संबंध. शब्द तोंडाशी आले होते. पण तिने पुढचं विचारलं, “मग काय हाक मारायची?” आणि दुसराच शब्द बाहेर पडला.

“अहो.”

आमच्या घरात तो शब्द उच्चारला गेला नव्हता, ते गेल्यापासून. सून माझ्या मुलाला नावाने हाक मारते, त्यात वाईट काही नाही. पण शब्द बिनकामाचा पडून होता. लानने तो उचलला. तिच्या भाषेत प्रत्येक शब्दाला चढउतार असतो म्हणे. तिचा अहो खालच्या पायरीवर सुरू व्हायचा आणि जिना चढून वर जायचा. त्याच संध्याकाळी केविनची गाडी गेटात शिरली आणि खालच्या गॅलरीतून आवाज आला, “आहोऽऽ!”

माझ्या हातातला डाव आमटीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी केविनला त्याचं उत्तर शिकवलं. “काय गं?” म्हणायचं. त्याला जमलं ते, “काय गा?” मी खूप घोटून घेतलं, पण गा काही हलला नाही. मग रोज संध्याकाळी खाली गाडीचं दार वाजायचं, “आहोऽऽ!” व्हायचं आणि पाठोपाठ “काय गा?” त्या वेळेला मी टीव्हीचा आवाज बारीक करून ठेवत असे. सून विचारायची, “आई, बॅटरी संपली का रिमोटची?” मी म्हणायचे, हो.

इंटरव्ह्यूची तयारी केविनने तिच्याकडून महिनाभर करून घेतली. तो पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो, त्याच्या ब्रशचा रंग, त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. सगळं तोंडपाठ. नवऱ्याचं नाव मात्र कुणीच घोटून घेतलं नाही. ते कोण विसरेल?

इंटरव्ह्यू झाल्यावर ती सरळ माझ्याकडे आली. थर्मास टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं करून दाखवलं. अमेरिकन वकिलातीतली खिडकीपलीकडची बाई चांगली होती, केसांत पेन खोचलेली. तिने विचारलं, नवऱ्याचं नाव? लानने कागदावर बोट ठेवलं. अगदी तसं, जसं मी करून दाखवलं होतं.

“मग?”

“ती म्हणाली, प्लीज बोला. मी पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाली, घरी काय म्हणता? मी म्हटलं, अहो. म्हणाली, ही चिनी भाषा? मी म्हटलं, नाही, मराठी. तुम्ही मराठी? नाही, चिनी. नवरा मराठी? नाही, अमेरिकन.”

“अगं बाई! मग?”

“मग ती कॉम्प्युटरवर टाइप करत बसली. खूप वेळ.”

मी हसले. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसले. लानही हसली. इतक्यात उघड्या दारात केविन येऊन उभा राहिला, यार्डातले बूट तसेच पायात. तो हसला नाही. त्याने तिला विचारलं, नाव सांगितलं नाहीस म्हणजे कुणाचं?

“तुझं,” ती म्हणाली.

तो आमच्या चपलांच्या स्टँडवर बसला. मग उठून मला म्हणाला, “इट्स ओके. थँक यू, आजी.”

कशाबद्दल होतं ते थँक्यू, मला अजून कळलेलं नाही.

अर्ज नाकारला नव्हता. आणखी तपासणी करावी लागेल, कळवू, एवढंच सांगितलं होतं. कारण कुणी दिलं नाही, आणि कारण दुसरं काहीही असू शकेल असं माझा मुलगा मला पुन्हा पुन्हा सांगत होता. “आई, अशा केसेस अडकतात. तुझा अहो कशाला मध्ये आणतेस?” मी म्हटलं, मला त्या खिडकीवर घेऊन चल, मी समजावून सांगते. तो म्हणाला, “आई, प्लीज.” नुसतं भेटायला जाण्याचा व्हिसा मागावा, तर तोही मिळेना. बायको म्हणून अर्ज केलेला, म्हणजे ही गेली की परत येणार नाही, असं धरतात म्हणे.

आईची तब्येत ढासळली, तेव्हा केविन एकटा गेला. लान तिच्या नोकरीच्या व्हिसावर इथेच राहिली.

आता पुढचं सांगायला मला जड जातं. ते दिवस माझे फार सुखाचे गेले. ऑफिसातून ती सरळ वर यायची. “नायनाय, जेवलात?” मग आम्ही दोघी स्वयंपाकाला लागायचो. ती तिच्या देशाच्या उकडीच्या करंज्या करायची. पिठाच्या चकतीत सारण घालून दुमडायचं, कडेला बारीक चुण्या घालायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. माझ्यासाठी कोबीच्या. मोदकाला मी एवढ्या चुण्या घालते, पण तिच्यासारख्या पडल्या नाहीत. मी म्हणायचे, पिठाचा गुण.

याच वेळी तिकडे ओहायोत सकाळ असायची. लान फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि त्यात केविनची आई दिसायची, नाकाला नळी, उशीला टेकून. लान तिला मम्मी म्हणायची. मम्मीला त्या करंज्या शिकायच्या होत्या. पीठ मळायची ताकद नाही, म्हणून ती कागदी रुमाल घेऊन बसायची आणि लानचे बघून त्याला चुण्या घालायची. फाटला की दुसरा घ्यायची. “तू आलीस की खऱ्या पिठाच्या करू,” म्हणायची. दोघींची एकदाही प्रत्यक्ष भेट झालेली नव्हती.

मी देवाजवळ दिवा लावताना रोज मोठ्याने म्हणायचे, “हिचा व्हिसा मिळू दे.” लान मागे हात जोडून उभी असायची. आणि मग मनात, तिला ऐकू जाणार नाही असं, म्हणायचे, “मिळू दे, पण घाई नाही.”

एका संध्याकाळी बेल वाजली. लान दारात उभी होती. थर्मास नाही, पर्स नाही. तिने मला जेवलात का ते विचारलं नाही.

“मम्मी मफी,” ती म्हणाली.

अंत्यविधी आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून फोनवर पाहिला. फोन त्याच पिठाच्या डब्याला टेकवलेला. तिच्याकडे असल्या वेळी पांढरं घालतात, आमच्याकडेही. ती पांढऱ्या शर्टात, मी पांढऱ्या साडीत. पलीकडे सगळे काळ्या कपड्यांत. केविन पहिल्या रांगेत होता आणि त्याच्या बाजूची खुर्ची त्याने मोकळी ठेवली होती. कुणी बसायला आलं की तो हात आडवा करायचा. शेवटी त्याने फोन स्वतःकडे वळवला. डोळे सुजलेले.

आणि लान म्हणाली, “केविन.”

कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मग पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फुटला. फोन बंद झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. काचेचं भांडं हातून फुटल्यावर मूल बघतं ना, तसं.

“नायनाय, मी नाव घेतलं.”

“अगं, ते सगळं खोटं आहे,” मी म्हटलं. “मी तुला गंमत सांगितली. ह्यांचं दुखणं जुनं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. मी म्हातारी, मला तो शब्द कानावर पडायला हवा होता, म्हणून मी तुझ्या तोंडात घातला. बाकी काही नाही.”

तिने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, “तुम्हाला गंमत वाटते? की खरं वाटतं?”

हॉस्पिटलच्या त्या काउंटरपासून मी स्वतःलाच ते विचारत आले होते.

खिडकीवरून पुन्हा बोलावणं आलं, ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी. देवाने माझं अगदी शब्दशः ऐकलं होतं. मिळायची वेळ आणली, आणि घाई केली नव्हती.

या वेळी नाव घ्यावं लागणार होतं, आणि घेताना लान दचकायची. मी घोटून घ्यायला बसले की “के” म्हणायची आणि पुढे ओठ मिटायची. गंमत होती म्हणून मी कितीही सांगितलं तरी तिचा माझ्यावर विश्वास बसत नव्हता, आणि ते बरोबरच होतं. मग मला आठवलं की आमच्या बायकांनी याच्यावर तोड काढून ठेवलेली आहे. मी म्हटलं, “उखाण्यात घेतलं तर चालतं. शंभर टक्के. मी स्वतः घेतलंय, लग्नात, बारशात, डोहाळजेवणात, आणि हे ठणठणीत होते.” आणि तिथल्या तिथे तिच्यासाठी एक उखाणा केला:

“करंज्यांच्या आधणाला आली बारीक उकळी,
केविनरावांचं नाव घेते, वाट करा मोकळी.”

अर्थ समजावून सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली. “वाट करा मोकळी” तिला विशेष आवडलं. बल्ब बदलतानासुद्धा पुटपुटायची. वॉचमनला वाटलं, बाजूला हो म्हणतेय.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मुलाने गाडी काढली आणि मी न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसले. लान आत गेली. आम्ही बाहेर, एसी चालू ठेवून. मुलगा म्हणाला, “इंशाल्ला होईल, आई.” या वेळी देवाला मी एकच गोष्ट सांगितली होती, आणि तीही मोठ्याने.

ती बाहेर आली तीच मुळी लांब ढांगा टाकत. मी काच खाली केली. “घेतलंस? आख्खा उखाणा म्हटलास?”

“नाही. उकळी मनात म्हटली. केविन मोठ्याने म्हटलं. वाट मोकळी पुन्हा मनात.”

वाट मोकळी झाली.

त्यानंतर अहो बंद झाला. फोनवर आता ती खणखणीत “केविन, केविन” करायची, मुद्दाम, सवय मोडू नये म्हणून. तिला कोण दोष देईल? एका शब्दापायी एवढं सोसलेलं. संध्याकाळी मी टीव्हीचा आवाज पूर्वीसारखा मोठा ठेवू लागले. रिमोटची बॅटरी बरी झाली, असं सुनेला सांगितलं.

केविन तिला न्यायला आला. बारीक झाला होता. निघायच्या दुपारी दोघं वर आली. मी तिला माझं मोदकपात्र दिलं. तिला सांगायचं एक वाक्य मी कित्येक दिवस तयार करून ठेवलं होतं. मम्मीबद्दल, त्या मोकळ्या खुर्चीबद्दल.

“ल्हानी,” मी सुरुवात केली, “ते जे मी तुला…”

“नायनाय,” ती म्हणाली, “जेवलात?”

मी मान हलवली. तिने वाकून तिचं कपाळ माझ्या डोक्यावर टेकवलं आणि जिना उतरून गेली. गुडघ्यांमुळे मी खाली गेले नाही. गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली टॅक्सी, बॅगा, वॉचमन. लान दार धरून उभी होती, टॅक्सीपेक्षा उंच. आत बसता बसता ती थांबली, हातातली पिशवी चाचपली, आणि वर बघितलं.

“थर्मास मफी!”

तो माझ्या ओट्यावर राहिला होता. केविन जिना चढून धावत वर आला. मी स्वयंपाकघराकडे बोट केलं. तो आत गेला, आणि तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि रस्त्यावरून हाक आली. खालच्या पायरीवर सुरू झालेली, जिना चढून वर येणारी.

“आहोऽऽ!”

माझ्या स्वयंपाकघरातून, ओट्याजवळून, पुरुषाच्या आवाजात उत्तर आलं.

“काय गा?”

मी आरामखुर्चीची पाठ धरली. तो थर्मास घेऊन बाहेर आला, मला “थँक यू, आजी” म्हणाला आणि दारातून गेला.

“गा नव्हे,” मी म्हटलं. “गं.” पण तोवर तो जिना उतरला होता.